म्हणणं राहूनच जातं

१९१५ च्या सप्टेंबरात रॅम्से मॅकडोनाल्ड स्कॉटलंडच्या ईशान्य किनाऱ्यावरच्या आपल्या गावाहून, लॉसीमथहून, रेल्वेने लंडनला निघाले होते. सोबत ओळखीच्या दोन स्त्रिया आणि त्यांची मोलकरीण होती. मोलकरणीच्या हातात ‘जॉन बुल’ या साप्ताहिकाचा नवा अंक होता. मॅकडोनाल्डनी तो घेतला आणि उघडला. आत त्यांच्याच जन्मदाखल्याची प्रतिकृती छापलेली होती. नाव जेम्स मॅकडोनाल्ड रॅम्से, आणि जन्म अनौरस. ॲबर्डीनपासून एडिंबरोपर्यंतचे तास किती यातनेत गेले, ते त्यांनी रोजनिशीत लिहून ठेवलं आहे. दाखल्यावर आपलं आडनाव रॅम्से लागलं आहे हे त्यांना त्या दिवसापर्यंत ठाऊकच नव्हतं. शाळेच्या पटापासून सगळीकडे मॅकडोनाल्ड हेच नाव चालत आलेलं. अठ्ठेचाळीस वर्षांच्या माणसाने आपल्या जन्माची नोंद पहिल्यांदा पाहिली ती रेल्वेच्या डब्यात, दुसऱ्याच्या हातातल्या अंकात, इतरांच्या देखत. आई ॲन रॅम्से शेतावर राबून पोर वाढवणारी बाई. ती पाच वर्षांपूर्वीच वारली होती, एवढीच त्यातली बरी गोष्ट.

मराठी वाचकाला मॅकडोनाल्ड हे नाव माहीत आहे ते १९३२ च्या जातीय निवाड्यामुळे. येरवड्यातलं गांधीजींचं उपोषण आणि २४ सप्टेंबरचा पुणे करार हे सगळं ज्या निवाड्यातून घडलं, तो देणारे ब्रिटिश पंतप्रधान हेच. पण १९१५ मध्ये ते पंतप्रधान नव्हते. पहिल्या महायुद्धाला विरोध केला म्हणून आदल्या वर्षी ऑगस्टमध्ये मजूर पक्षाचं संसदेतलं नेतेपद त्यांना सोडावं लागलं होतं. ब्रिटनने या युद्धात पडायला नको होतं, हे त्यांचं म्हणणं. ते चुकीचं होतं असं मानणारे लाखो लोक होते, आणि त्यांच्याकडे मुद्दे होते. ‘जॉन बुल’चे संपादक होरेशिओ बॉटमली यांच्याकडे तर ते मांडायला आख्खं साप्ताहिक होतं. त्यांनी युद्धाच्या प्रश्नाला उत्तर दिलं नाही, जन्मदाखला छापला. पुढच्या वर्षी लॉसीमथच्या गोल्फ क्लबने मॅकडोनाल्डना काढून टाकलं. १९१८ मध्ये ते निवडणूक हरले. बॉटमली १९२२ मध्ये लोकांचे पैसे लुबाडल्याबद्दल सात वर्षांच्या सक्तमजुरीवर गेले, पण तो वेगळा हिशेब. मॅकडोनाल्ड नेमकं काय म्हणत होते, याचा हिशेब त्या अंकाच्या वाचकाला कधीच मिळाला नाही.

या पुस्तकाचा विषय ब्रिटनमधली वृत्तपत्रं आणि तिथले डावे पुढारी हा आहे. लेखकाने हस्तलिखित माझ्याकडे दिलं तेव्हा मी पहिल्यांदा मॅकडोनाल्डचंच प्रकरण वाचलं आणि तिथेच बराच वेळ अडकले. कारण एरवी आपण ज्या दोन तक्रारी वेगवेगळ्या मांडतो, त्या इथे एकच असल्याचं दिसतं. पहिली तक्रार खासगी आयुष्यात नाक खुपसण्याची, दुसरी म्हणणं मोडूनतोडून छापण्याची. ब्रिटनच्या संपादकीय आचारसंहितेतही ही दोन वेगळी कलमं आहेत : पहिलं अचूकतेचं, दुसरं खासगीपणाचं. तक्रारदाराने आपलं कलम निवडावं आणि तेवढ्यापुरती दाद मागावी अशी सोय. पण डेस्कवर या दोन गोष्टी अशा सुट्या घडत नाहीत. माणसाच्या घरात डोकावलं की त्याच्या म्हणण्यात डोकावायची गरज उरत नाही. पान भरतं, मथळा मिळतो, आणि जो प्रश्न त्याने विचारला होता तो तसाच पडून राहतो.

हे फक्त डाव्यांच्याच वाट्याला येतं असं नाही. डेव्हिड मेलर हे हुजूर पक्षाचे मंत्री. १९९२ मध्ये त्यांच्या खासगी संबंधांची जी चिरफाड झाली ती कुणाच्याही वाट्याला येऊ नये अशी होती. मग वेगळं पुस्तक कशाला? कारण ब्रिटनमध्ये मोठ्या खपाच्या वृत्तपत्रांची मालकी बहुतांशी अशा घराण्यांकडे राहिली, ज्यांना डावं राजकारण मुळातच परवडणारं नव्हतं. उजव्या पुढाऱ्यावर एका पानात हल्ला झाला तरी दुसऱ्या पानावर त्याची धोरणं सविस्तर छापून यायची. डाव्याला ते दुसरं पान मिळायचं नाही.

एके काळी ते होतं. ‘डेली हेरल्ड’ हे कामगार चळवळीचं दैनिक. १९३३ मध्ये त्याचा खप वीस लाखांवर गेला. तोपर्यंत ब्रिटनमधल्या कुठल्याही दैनिकाने तो आकडा गाठला नव्हता. वाचक गरीब, त्यामुळे जाहिरातदारांना त्यात रस नाही. शेवटी १९६४ मध्ये त्याचं नाव बदलून ‘द सन’ केलं आणि १९६९ मध्ये रूपर्ट मर्डोक यांनी ते विकत घेतलं. त्याच ‘सन’ने ९ एप्रिल १९९२ ला, मतदानाच्या दिवशी, मजूर पक्षाचे नेते नील किनॉक यांचं डोकं विजेच्या दिव्यात बसवून पहिलं पान काढलं : हे जिंकले तर देश सोडणाऱ्या शेवटच्या माणसाने दिवे मालवावेत, या अर्थाचा मथळा. किनॉक हरले, आणि दोन दिवसांनी विजय आपण मिळवून दिला असं त्याच पत्राने जाहीर केलं. वीस वर्षांनी, वृत्तपत्रांच्या वर्तनाची तपासणी करणाऱ्या लेव्हिसन चौकशीपुढे मर्डोक म्हणाले की त्या दुसऱ्या मथळ्याबद्दल त्यांनी संपादकाला चांगलंच फैलावर घेतलं होतं. पहिल्या पानाबद्दल मात्र तसं काही झालं नव्हतं.

सगळ्यात प्रसिद्ध प्रकरण अर्थातच झिनोव्हिएव्ह पत्राचं. २५ ऑक्टोबर १९२४ ला, निवडणुकीला चार दिवस उरले असताना, ‘डेली मेल’ने मॉस्कोहून ब्रिटिश कम्युनिस्टांना आलेलं म्हणून एक पत्र छापलं, त्यात बंडाची चिथावणी होती. सत्तेवर मजूर पक्षाचं पहिलं सरकार, पंतप्रधान मॅकडोनाल्ड. पत्र बनावट होतं. परराष्ट्र खात्याच्या मुख्य इतिहासकारांनी १९९९ मध्ये सगळे कागद तपासून तसाच निष्कर्ष काढला. डाव्या वर्तुळात असं मानलं जातं की या पत्रामुळेच सरकार पडलं. लेखकाने ते मानलेलं नाही, आणि मला हे महत्त्वाचं वाटतं. मजूर पक्षाच्या जागा १९१ वरून १५१ वर आल्या हे खरं, पण त्याची मतं दहा लाखांनी वाढली होती. कोसळला तो लिबरल पक्ष. आपल्यावर झालेल्या अन्यायाचा आकडाही फुगवून सांगायचा नाही, ही शिस्त या पुस्तकात शेवटपर्यंत आहे.

हे वाचताना मला मुंबई आठवली. मार्च १९६४ मध्ये ‘करंट’ साप्ताहिकाने कम्युनिस्ट पक्षाचे नेते श्रीपाद अमृत डांगे यांची म्हणून काही पत्रं प्रसिद्ध केली. तीही नेमकी १९२४ सालची, कानपूर खटल्यातल्या तुरुंगवासातली; ब्रिटिश सरकारला मदत देऊ करणारी. डांग्यांनी ती बनावट ठरवली, पक्षातल्या अनेकांना खरी वाटली. एप्रिलमध्ये राष्ट्रीय परिषदेतून ३२ सदस्य उठून गेले आणि पक्ष फुटला. फुटीची मुळं पत्रांपेक्षा कितीतरी खोल होती, चीनच्या प्रश्नापर्यंत जाणारी. पण सरकारला लिहिलेलं पत्र ही कुणाची खासगी बाब होत नाही. पुढाऱ्याने सत्तेशी केलेला व्यवहार छापणं हे वृत्तपत्राचं कामच आहे. फक्त छापण्याआधी कागद पारखावा लागतो. जन्मदाखला आणि असं पत्र यांतला फरक इथे आहे. दाखला शंभर टक्के खरा होता, तरी तो छापण्याचं कारण काहीच नव्हतं.

मजूर पक्षाचे एके काळचे नेते मायकेल फूट यांच्या कोटाबद्दल मला थोडं सविस्तर लिहायचं आहे. ८ नोव्हेंबर १९८१, लंडनच्या सेनोटाफ स्मारकापाशी युद्धात पडलेल्या सैनिकांना मानवंदना. सगळे पुढारी काळ्या लांब ओव्हरकोटात. अडुसष्ट वर्षांचे फूट मात्र आखूड, निळसर हिरव्या कोटात. त्यांच्याच पक्षाच्या एका खासदाराने ते बेकार खोदकामगारासारखे दिसत होते असं म्हटलं, आणि वृत्तपत्रांनी त्या कोटाला ‘डाँकी जॅकेट’ करून टाकलं. डाँकी जॅकेट म्हणजे रस्त्यावर काम करणारे मजूर घालतात ते जाड जाकीट. प्रत्यक्षात तो कोट फूट यांच्या पत्नी जिल क्रेगी यांनी हॅरॉड्समधून विकत आणला होता. लंडनमधल्या श्रीमंतांचं ते दुकान. राजमातेने तर त्या थंडीत हा कोट शहाणपणाचा आहे असं त्यांना तिथेच सांगितलं. आज तो मँचेस्टरच्या पीपल्स हिस्टरी म्युझियममध्ये आहे. त्याचं कापड, शिवण, लांबी कुणालाही जाऊन बघता येते, आणि तो डाँकी जॅकेट नाही हे डोळ्यांना दिसतं.

पण मला बोचतं ते वेगळंच. ज्या माणसावर युद्धातल्या मृतांचा अनादर केल्याचा आरोप झाला, त्याने १९४० मध्ये, हिटलरला चुचकारणाऱ्या आपल्याच राज्यकर्त्यांविरुद्ध, दोन सहकाऱ्यांच्या साथीने ‘गिल्टी मेन’ लिहिलं होतं. फूट स्वतः पत्रकार, ‘ईव्हनिंग स्टँडर्ड’ आणि ‘ट्रिब्यून’चे संपादक राहिलेले. युद्ध का झालं, कुणाच्या चुकीने सैनिक मेले, यावर त्या रांगेतल्या कुणाहीपेक्षा त्यांच्याकडे सांगण्यासारखं जास्त होतं. १९८१ च्या त्या आठवड्यात ते कुणी विचारलं नाही. १९९५ मध्ये ‘संडे टाइम्स’ने त्यांना केजीबीचा माणूस म्हटलं तेव्हा ते ऐंशीच्या पुढे होते, त्यांनी दावा लावला, भरपाई मिळवली आणि त्यातला काही भाग ‘ट्रिब्यून’ला दिला. अण्वस्त्रांवरची त्यांची भूमिका १९८३ च्या निवडणुकीत लोकांना पटली नाही. मलाही ती सगळी पटत नाही. पण न पटणं हा त्या भूमिकेचा मान असतो, तो कोटाच्या गदारोळात त्यांना पूर्णपणे मिळाला नाही.

त्याच दशकातल्या आणखी दोन घटना पुस्तकात आहेत. फेब्रुवारी १९८३ मध्ये बर्मंडसीच्या पोटनिवडणुकीत मजूर पक्षाचे उमेदवार पीटर टॅचेल यांच्या समलैंगिकतेवरून वृत्तपत्रांनी आणि भिंतींवरच्या घोषणांनी जे केलं, त्याबद्दल तिथे जिंकलेले लिबरल उमेदवार सायमन ह्यूझ यांनी २००६ मध्ये माफी मागितली. तेव्हा त्यांनी स्वतःच्या लैंगिकतेबद्दलही सत्य सांगितलं होतं. दुसरी घटना १ मार्च १९८४ ची. चेस्टरफील्डमध्ये मजूर पक्षाचे टोनी बेन यांच्या पोटनिवडणुकीचं मतदान चालू होतं आणि ‘सन’ने अमेरिकेतल्या एका मनोविकारतज्ज्ञाच्या नावावर बेन यांच्या मनाची तपासणी छापली. डॉक्टरांनी बेनना कधी पाहिलेलंही नव्हतं, आणि आपल्या शब्दांचा विपर्यास झाला असं त्यांनी नंतर सांगितलं. बेन निवडून आले.

मिलिबँड घराण्याचं प्रकरण मला सगळ्यात जास्त अस्वस्थ करून गेलं. सप्टेंबर २०१३ मध्ये ‘डेली मेल’ने मजूर पक्षाचे तेव्हाचे नेते एड मिलिबँड यांच्या दिवंगत वडिलांवर लेख छापला. मथळ्यात त्यांना ब्रिटनचा द्वेष करणारा माणूस म्हटलं होतं. राल्फ मिलिबँड हे बेल्जियमहून नाझींपासून जीव वाचवून १९४० मध्ये आलेले ज्यू निर्वासित, पुढे मोठे मार्क्सवादी अभ्यासक. आधार काय, तर सतराव्या वर्षी त्यांनी रोजनिशीत लिहिलेली एक नोंद. त्यानंतर ते ब्रिटिश नौदलात भरती होऊन लढले, हे मथळ्याच्या आड गेलं. सतराव्या वर्षी आपण कोणी काय लिहिलं होतं? मुलगा उत्तर देतो आहे तोवर ‘मेल ऑन संडे’च्या बातमीदाराने गाय्ज हॉस्पिटलच्या एकोणतिसाव्या मजल्यावर, एड यांच्या आत्याच्या यजमानांच्या शोकसभेत, न बोलावता शिरून नातेवाइकांना प्रश्न विचारायला सुरुवात केली. सभा फक्त घरच्यांसाठी आणि मित्रांसाठी होती. संपादकांनी विनाअट माफी मागितली. ती माफी खरी असेलही, पण मयताच्या घरी बसलेल्या माणसाला प्रतिक्रिया विचारायची नसते हे बातमीदाराला शिकवावं लागत नाही. ते त्याच्या घरी शिकवलेलं असतं. धंद्याने ते त्याच्याकडून काढून घेतलं.

जेरेमी कॉर्बिन यांच्यावरचं प्रकरण लांब आहे आणि ते तसंच असायला हवं होतं. २०१५ मध्ये ते मजूर पक्षाचे नेते झाले त्या सुमाराच्या दोन महिन्यांत आठ वृत्तपत्रांनी काय छापलं, याचा अभ्यास लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्सने केला. सुमारे तीन चतुर्थांश मजकुरात त्यांची मतं एकतर नव्हतीच किंवा वाकवलेली होती. पुस्तकात ही टक्केवारी येते, पण लेखकाचं लक्ष दोन छोट्या गोष्टींवर आहे. पहिली गोष्ट छायाचित्राची. २०१६ च्या स्मृतिदिनाला कॉर्बिन चालता चालता नाचत आहेत असं एक छायाचित्र फिरलं. मूळ फ्रेममध्ये शेजारी दुसऱ्या महायुद्धातला एक वयोवृद्ध सैनिक आहे आणि कॉर्बिन हातवारे करत त्याच्याशी बोलत आहेत. सैनिकाला कापून टाकलं की हातवाऱ्यांचा नाच होतो.

दुसरी गोष्ट बीबीसीची, म्हणजे ज्या संस्थेवर मालकाचा दबाव नाही तिथली. नोव्हेंबर २०१५, पॅरिसच्या हल्ल्याला तीन दिवस झालेले. राजकीय संपादक लॉरा क्युन्सबर्ग यांनी कॉर्बिनना विचारलं की पंतप्रधान म्हणून ब्रिटनच्या रस्त्यांवर ठार मारण्यासाठीच गोळी झाडण्याचा आदेश द्यायला तुम्हाला बरं वाटेल का. सर्वसाधारणपणे असं धोरण मला मान्य नाही, असं ते म्हणाले. संध्याकाळच्या बातम्यांत हेच उत्तर दाखवलं, पण प्रश्न बदलून : पॅरिससारखा हल्ला चालू असताना पोलिसांनी गोळी झाडावी का. हल्ल्याबद्दलच्या वेगळ्या प्रश्नाला त्यांनी दिलेलं उत्तर वेगळं होतं. बीबीसी ट्रस्टने जानेवारी २०१७ मध्ये अचूकता आणि निःपक्षपात या दोन्ही कसोट्यांवर ही बातमी चुकल्याचं ठरवलं; वृत्तविभागाच्या संचालकांनी ते मान्य केलं नाही. इथेच हेही सांगायला हवं की पुढे क्युन्सबर्ग यांना मजूर पक्षाच्या अधिवेशनात सुरक्षारक्षक बरोबर ठेवावा लागला. कॉर्बिनच्या बाजूने बोलतो असं म्हणणाऱ्यांनी त्यांच्यावर जी गलिच्छ शिवीगाळ केली, ती या पुस्तकात तितक्याच स्पष्टपणे आली आहे.

आणि कॉर्बिन यांच्यावरची सगळी टीका म्हणजे बदनामी नव्हती. त्यांच्या काळात पक्षातल्या ज्यूद्वेषाच्या तक्रारींची हाताळणी इतकी ढिसाळ होती की ब्रिटनच्या समानता आयोगाने ऑक्टोबर २०२० मध्ये पक्षाने कायदा मोडल्याचा निष्कर्ष काढला. ज्या बातमीदारांनी हे लावून धरलं त्यांनी आपलं काम केलं. स्कॉटलंडचे समाजवादी पुढारी टॉमी शेरिडन यांची कहाणीही लेखकाने टाळलेली नाही. खासगी आयुष्यावरच्या बातमीबद्दल ‘न्यूज ऑफ द वर्ल्ड’विरुद्ध त्यांनी २००६ मध्ये खटला जिंकला, आणि २०१० मध्ये त्याच खटल्यात खोटी साक्ष दिल्याबद्दल दोषी ठरले. त्यांचे चाहते आजही त्यांना फक्त बळी म्हणतात. मला ते जमत नाही. पण एक प्रश्न शिल्लक राहतोच : कामगारवस्तीतल्या घरपट्टीवर शेरिडन जे बोलत होते त्याचा या सगळ्याशी काय संबंध होता?

डायॲन ॲबट यांचं नाव घेतल्याशिवाय पुढे जाता येणार नाही. ब्रिटिश संसदेत निवडून गेलेली पहिली कृष्णवर्णीय स्त्री. २०१७ च्या निवडणुकीआधीच्या सहा आठवड्यांत महिला खासदारांना आलेल्या शिवराळ ट्वीटपैकी जवळजवळ निम्मी, ४५ टक्के, एकट्या त्यांच्या नावे होती, असं ॲम्नेस्टीने मोजलं. २०१९ मध्ये लोकल गाडीत त्या कॅनमधून मद्य पीत असल्याचं छायाचित्र एका सहप्रवाशाने काढलं आणि ते वृत्तपत्रात गेलं. गाडीत पिण्यास बंदी होती, त्यांनी माफी मागितली. आता बातमीदार लागत नाही, शेजारच्या बाकावरचा मोबाइल पुरतो.

आता माझ्या डेस्कवरची गोष्ट. मार्च २०१८, नाशिकहून निघालेला किसान सभेचा लाँग मार्च मुंबईत पोचला होता. दहावीच्या मुलांची परीक्षा बिघडू नये म्हणून रात्रीच्या रात्री, सोमय्या मैदानावरून आझाद मैदानापर्यंत माणसं चालत आली. मी तेव्हा एका मराठी दैनिकात पहिलं पान लावत होते. छायाचित्रं येत होती : सोललेले तळवे, फोड, तुटलेल्या चपला दोरीने बांधलेल्या. मी तळव्यांचा फोटो सहा कॉलम घेतला. मनापासून घेतला. डोळे भरून आले होते. फोटोओळीत दोन ओळींची जागा होती, त्यात किलोमीटर लिहिले : १८०. मागण्यांची चौकट आत सरकवली, आणि आतल्या पानावर उशिरा जाहिरात आली तेव्हा ती निघाली.

दुसऱ्या दिवशी सुरगाण्याकडून एका माणसाचा फोन आला. आवाज वयस्कर. आधी म्हणाला, “ताई, पाय झकास छापले.” मग थोडं थांबून म्हणाला, “पण आमी वनजमिनीच्या दाव्यासाठी आल्तो. त्ये कुटं दिसंना.” २००६ च्या वनहक्क कायद्याखाली कसत असलेल्या जमिनीचा दावा त्याने भरला होता, तो तालुक्याला अडकून होता, आणि तो किती वर्षं, कुठल्या टेबलावर, हे तो मला फोनवर सांगत राहिला. मी लिहून घेतलं. ब्रिटनच्या टॅब्लॉइडमधली दुष्टाई माझ्यात नव्हती. मला त्या माणसांबद्दल माया होती. तरी मी त्यांचं शरीर छापलं होतं आणि म्हणणं गाळलं होतं. चौकट तिसऱ्या दिवशी गेली, सातव्या पानावर.

म्हणून या पुस्तकातल्या एका रचनेसाठी मी लेखकाची ऋणी आहे. प्रत्येक प्रकरणाच्या शेवटी त्याने एक पान राखून ठेवलं आहे. ज्या दिवशी कोट, जन्मदाखला किंवा बापाची रोजनिशी छापून आली, त्या काळात तो पुढारी कशाबद्दल बोलत होता, कुठली मागणी मांडत होता, त्याला त्या वेळी काय विरोध होता, हे त्या पानावर साध्या मराठीत आहे. मॅकडोनाल्डच्या पानावर युद्धाला त्यांचा विरोध कशासाठी होता ते आहे. फूट यांच्या पानावर अण्वस्त्रं आहेत, आणि त्यांच्या भूमिकेतल्या कच्च्या जागाही. कॉर्बिनच्या पानावर मुलाखतीतला मूळ प्रश्न आणि मूळ उत्तर शेजारी शेजारी लावलं आहे. वाचकाने आधी ती पानं वाचून काढली आणि मग पहिल्या प्रकरणाकडे वळलं तरी चालेल. मी तसंच केलं.